पेवांचे गाव



वसंत व्याख्यानमालेत बोलणारा माणूस विद्वान असावा, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. माझे शिक्षण मात्र सातवीपर्यंतच झाले. पुढचे सारे मी वाचनालयात आणि हमालांच्या सभांत शिकलो. तेव्हा आज विद्वत्ता सांगत नाही. माझ्या डोळ्यांदेखत या गावातून जी एक गोष्ट नाहीशी झाली, तिची हकीकत सांगतो.

सांगलीचा इतिहास आपणांस पाठ आहे. मिरजेच्या पटवर्धनांतून वेगळे होऊन चिंतामणराव आप्पासाहेबांनी १८०१ मध्ये येथे राजधानी केली. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. १९२९ मध्ये कृष्णेवर आयर्विन पूल झाला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगलीचे नाव मिळाले. आमचे मूळ गाव तासगाव तालुक्यातले. जिल्ह्याची पाटी दोनदा बदलली, तरी माझे आजोबा अखेरपर्यंत स्वतःला 'सातारकडचा' म्हणवीत.

या इतिहासात राजा आहे, नाटककार आहे, पूल आहे. परंतु ज्या हळदीच्या जोरावर येथली पेठ नावारूपाला आली, ती हळद साठवणारा आणि वाहणारा माणूस त्यात कोठेच नाही. त्याची जागा जमिनीखाली होती, हेही त्याचे एक कारण असावे.

जमिनीखाली म्हणजे पेवात. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हरिपूर संगमेश्वराच्या देवळासाठी आणि 'शारदा'कार देवलांचे गाव म्हणून आपणांस ठाऊक आहे. व्यापाऱ्यांना ते ठाऊक होते पेवांसाठी. तेथली माती अशी की खणलेली भिंत ढासळत नसे आणि आत ओल झिरपत नसे. माणूस जेमतेम उतरेल एवढे वर तोंड ठेवायचे आणि खाली घागरीसारखा पोटात रुंद होत जाणारा खोल खड्डा खणायचा. आतून पाला व चटया लावायच्या, हळद भरायची, तोंडावर दगड ठेवून वर माती लिंपायची. आत वारा नाही म्हणून कीड नाही, आणि ऊन नाही म्हणून रंग उडत नाही. वर्षानुवर्षे हळद जशीच्या तशी राही. माल जागचा न हलता पेढीवर त्याचे मालक बदलत.

पण जी हवा किडीला मारी, ती माणसालाही सोडीत नसे. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. आधी ते काही तास मोकळे ठेवीत आणि मग दोरीने पेटता कंदील खाली सोडीत. १९८० च्या सुमारास, दहा-अकरा वर्षांचा असताना, मी वडिलांबरोबर हरिपुरास गेलो होतो. कंदील खाली गेला तसे सारे गडी एकाएकी गप्प झाले. वडील म्हणाले, "दिवा इझला तर माणूस बी इझतोय. ध्येनात ठिव, बाळ." त्या दिवशी दिवा तेवत राहिला. दुसऱ्या एका खेपेस मात्र घाई झाली आणि वडिलांना आत घेरी आली. दोरीने ओढून त्यांना वर काढले. संध्याकाळी पेढीवर त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली, कारण अर्धा दिवस ते झाडाखाली पडून होते! मी पुढे संघटनेच्या कामात का पडलो, असे कोणी विचारले तर मी हाच हिशेब सांगतो.

हमाल-माथाडींसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये कायदा केला. भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा, अपघाताची भरपाई ही भाषा त्यामुळे बाजारात आली. ती कागदावरून पाठीपर्यंत पोचायला किती मोर्चे लागले, ते या सभागृहातील काही पांढऱ्या केसांना विचारा.

मग २००५ चा महापूर आला. कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि आतली हळद कुजली. व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. पिढ्यान्‌पिढ्यांचा हुन्नर एका पावसाळ्यात बेकार झाला. पुढे २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण पेढे वाटले, आणि ते योग्यच झाले. परंतु जिने हळदीचा रंग राखला ती पेवे तोवर बुजत चालली होती.

येथे मला माझीही चूक सांगितली पाहिजे. पूर ओसरल्यावर आम्ही कार्यकर्ते मदतीच्या याद्या करीत हिंडत होतो. घर पडले, लिहा. भांडी वाहून गेली, लिहा. हरिपुरात एका म्हाताऱ्या गड्याने मला विचारले, "पोरा, आमचं काय लिवलंस?" मी म्हणालो, "बाबा, धान्य लिहिलंय की." तो म्हणाला, "धान्याचं न्हवं रं. कामाचं." त्यासाठी यादीत रकाना नव्हता, आणि तो असावा असे माझ्याही मनात आले नाही. आयुष्यभर मी मजुरीच्या दरासाठी भांडलो, पण कामाची नोंद ठेवली नाही. आज तो म्हातारा नाही. त्याचे नावही माझ्या वहीत नाही.

गाव बदलले याचे मला दुःख नाही. जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्याने एकदा दोरी धरून पेवात उतरून पाहावे. कोणाच्याही मुलाच्या वाट्याला ते काम पुन्हा येऊ नये. मात्र काम संपले म्हणून ते करणारा माणूस विसरायचा, हा व्यवहार खोटा आहे. पूल कोणत्या साली झाला ते आपण सांगतो. मग पेव कोणी खणले, तेही सांगता आले पाहिजे.

म्हणून आपणांस एक विनंती आहे. कोणाच्या घरी पेढीची जुनी वही किंवा पेवाची पावती असेल, तर ती रद्दीत घालू नका. ज्यांचे वडील, आजोबा पेवात उतरले असतील, त्यांनी नाव आणि गाव सांगावे. २०१९ च्या पुरात आपल्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजली, हे ध्यानात ठेवून प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती करू आणि एक उंचावर ठेवू. व्याख्यान संपल्यावर मी बाहेर पायरीवर वही घेऊन बसणार आहे. पहिले नाव माझ्या वडिलांचे लिहिले आहे. खालची पाने कोरी आहेत.