वास काही जात नाही

गेल्या शनिवारी दिवाळीची आवराआवर म्हणून माळ्यावर चढलो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक खोका खाली काढला. पिशवी सोडली मात्र, अख्ख्या हॉलभर कुबट वास सुटला. ओलं घोंगडं आणि भिजलेली रद्दी एकत्र कोंडून ठेवल्यासारखा. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "मेलंय का काही तिथं?"

मेलं नव्हतं, उलट चांगलं जिवंत होतं. खोक्यात माझे चामड्याचे शिकारी बूट होते आणि त्यांच्यावर हिरवट-पांढरी बुरशी सुखानं नांदत होती.

मी आणि शिकार? झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारा माणूस मी. झालं असं की २००४ साली कंपनीनं मिनेसोटात ऑनसाइट पाठवलं आणि पुण्याहून नेलेले स्पोर्ट्स शूज पहिल्याच बर्फात भिजून गेले. घरमालक आजोबा दर नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला जायचे. त्यांनी काही न बोलता आपले जुने बूट माझ्या दाराशी आणून ठेवले. माप बरोब्बर जुळलं. परत निघताना ते द्यायला गेलो तर म्हणाले, राहू देत तुझ्याकडे. आजोबा आता नाहीत. त्यामुळे बूट टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता.

आता लाज वाटण्यासारखा भाग. इतकी वर्षं दर मे महिन्यात मी या बुटांना नेमानं खोबरेल तेल चोपडत होतो आणि पावसाळी हवा लागू नये म्हणून वरून प्लॅस्टिक घट्ट बांधत होतो. काळजी घेतोय अशी समजूत. पण आमच्या धंद्यात बग सापडला की रूट कॉज शोधल्याशिवाय झोप लागत नाही, म्हणून रविवारभर वाचत बसलो, आणि कळलं की बग मीच होतो :)

त्याचं असं आहे. कातडं कमावलं की त्यातलं प्रथिन बुरशीला सहजी पचत नाही. पण चामडं मऊ राहावं म्हणून त्यात चरबी किंवा तेल मुरवावंच लागतं, आणि ते मात्र तिला फार आवडतं. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की तिची पंगत बसते. तो कुबट वाससुद्धा तिचाच. लिनोलिइक आम्लापासून बुरशी ऑक्टेनॉल नावाचं द्रव्य बनवते. अळंबीला जो वास असतो तो याचाच. म्हणजे मी दरवर्षी तिला वाढून देत होतो आणि वाढून झालं की दार लावून घेत होतो.

तेल नाही लावलं तर चामडं तडकतं, लावलं तर बुरतं. ही गोची फार जुनी आहे. रशियनांचा तोडगा मला सगळ्यात आवडला. ते विलोच्या सालीत कातडं कमावून त्यावर बर्चच्या सालीचं तेल चोळायचे. (बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद.) या धुरकट वासाच्या तेलातली फिनॉलं बुरशी आणि किडे दोघांनाही नको असतात. १७८६ साली असं चामडं घेऊन सेंट पीटर्सबर्गहून जिनोआला निघालेलं मेटा कॅथरिना नावाचं जहाज इंग्लंडमध्ये प्लिमथच्या खाडीत वादळात बुडालं. १९७३ मध्ये पाणबुड्यांना ते सापडलं. गाळात १८७ वर्षं पडलेल्या त्या कातड्यांमधली बरीचशी इतकी शाबूत होती की कारागिरांनी त्यांचे बूट शिवून विकले! अर्थात सगळं श्रेय बर्चला देऊ नये. गाळात प्राणवायू नसतो आणि त्याच्यावाचून बुरशीचंही चालत नाही. माझ्या पिशवीत मात्र तो भरपूर होता.

खुद्द शिकारी बुटांच्या इतिहासात मोठं नाव एल. एल. बीन यांचं. १९११ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातले हे गृहस्थ शिकारीहून ओले-गार पाय घेऊन परतले आणि वैतागून त्यांनी रबरी तळावर चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला. पुढच्या वर्षी पोस्टानं १०० जोड विकले. त्यातले ९० परत आले, कारण शिवण उसवली! बीननी सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढलं आणि सुधारित जोड बनवले. (पहिल्या रिलीजला नव्वद टक्के बग. आम्हाला थोडा धीर येतो अशा गोष्टींनी.) रबरानं चिखलाचं पाणी थोपवलं खरं, पण रबर दोन्हीकडून सारखंच अडवतं. आतला घाम आतच राहतो.

हे किती महागात पडतं ते दुसऱ्या महायुद्धात कळलं. पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू, पट्टे, बूट कुजायला लागले. लष्करानं बुरश्या गोळा करून त्यांचा अभ्यासच मांडला. १९४४ साली सॉलोमन बेटांमधल्या बुगनव्हिल इथल्या तंबूच्या कापडातून मिळालेली एक बुरशी पुढे एल्विन रीझ या शास्त्रज्ञाच्या नावानं ट्रायकोडर्मा रीझाय म्हणून प्रसिद्ध झाली. सुती कापड खाणारी ही बया आता कारखान्यांमधून नोकरी करते. जीन्स फिकट करायला तिचीच विकरं वापरतात. चामड्यासाठी लष्करानं पॅरानायट्रोफेनॉलसारखी विषं वापरून पाहिली. ती बुरशीला मारायची, पण ती विषं माणसालाही चांगली नव्हेत.

मला पटलेला उपाय व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या जंगल बुटांचा. घोट्याभोवती चामड्याऐवजी कापड, तळाशी बाजूला जाळीची छोटी भोकं, आत प्लॅस्टिकच्या जाळीचा सुखतळा. पाणी येणारच, तर त्याला जायला वाट तरी द्या.

तर मग या आठवड्यात काय केलं? नाकाला फडकं बांधून बाल्कनीत बूट ब्रशनं झाडले. कोपऱ्यात आधी करून पाहिलं आणि मग निम्मं पाणी, निम्मं रबिंग अल्कोहोल घेऊन आतून-बाहेरून पुसले. आत रद्दीचे बोळे कोंबले, दर संध्याकाळी बदलले. उन्हात मुद्दाम नाही ठेवले, पंख्याखाली सावलीत. खोबरेल बंद. प्लॅस्टिकची पिशवी कचऱ्यात. चौथ्या दिवशी वास बारा आणे गेला.

उरलेले चार आणे सुखतळ्यात होते. चामड्याचा जुना सुखतळा, अंगठ्याच्या जागी खोल दबलेला. तो खळगा आजोबांचा, माझे दोन हिवाळे त्यात जेमतेम मोजण्यासारखे. पुसून पाहिला, वाळवून पाहिला, नाही गेला वास. शेवटी काल नवे सुखतळे आणून घातले. बूट आता चपलांच्या उघड्या रॅकवर ठेवलेत, नाक आत घालून हुंगले तरी काही येत नाही.

जुने सुखतळे बाल्कनीच्या कठड्यावर आहेत. बायकोनं दोनदा विचारलंय, कधी टाकणार म्हणून. सोमवारी कचऱ्याची गाडी येते.