खाटकाचं नाव, खाटकाचं रान

दीपनगर म्हटलं की वीजकेंद्राची धुराडी डोळ्यांसमोर येतात. मला मात्र वसाहतीमागचं माळरान आठवतं. तिथल्या बाभळीच्या काट्याला टोचलेला नाकतोडा मी शाळकरी वयात पाहिला. कुणा खोडकर पोराचं काम असेल, असं वाटलं. ते होतं साळुंकीएवढ्या एका करड्या पक्ष्याचं. डोळ्यावर काळी पट्टी, चोच ससाण्यासारखी बाकदार. त्याला आपण खाटीक म्हणतो.

गंमत अशी, की १७५८ साली लिनियसने त्याच्या युरोपातल्या भाऊबंदांना ‘लॅनियस’ म्हटलं, त्याचाही अर्थ खाटीकच! खरं तर हा गाणाऱ्या पक्ष्यांतला. पंजांत घारीचं बळ नाही, म्हणून सरडा, उंदराचं पिल्लू काट्यात अडकवून फाडायचं आणि उरलेलं तिथेच टांगून ठेवायचं. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या अभ्यासात दिसलं, की ज्या नराचं कोठार भरलेलं, त्याला मादी लवकर मिळते. सोयरीक जुळवताना घरचं धान्य पाहायची रीत आपलीच नव्हे म्हणायची.

आपल्या करड्या खाटकाला शास्त्रीय नाव मिळालं १८३२ मध्ये. ते देणारे कर्नल विल्यम साइक्स. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांना दख्खनची आकडेवारी जमवायला नेमलं होतं. साहेब पिकं, माणसं मोजता मोजता पक्षीही टिपत गेले. या पक्ष्याच्या ‘लटोरा’ या देशी नावावरूनच त्यांनी ‘लाहतोरा’ घेतलं. पुढे तज्ज्ञांनी त्याची कुळवारी अनेकदा फिरवली, ‘लाहतोरा’ मात्र टिकलं.

त्याच दशकात, १८३६ च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात जमिनीची मोजणी आणि प्रतवारी बसवली. ती पद्धत नंतर खानदेशातही आली. नांगराखाली न येणारा तुकडा कागदावर ‘पोटखराब’ ठरला. सरकारी दृष्टीने बरोबरच होतं, त्यातून सारा येत नव्हता. पण खाटकाला लागतं ते नेमकं हेच: विरळ गवत, उघडी जमीन, एखाददुसरी काटेरी बाभूळ. पक्ष्याला नाव मिळालं आणि त्याचं घर खराब्यात जमा झालं, दोन्ही चार-पाच वर्षांच्या आत.

आमच्या माळावर आता बरीच घरं झाली आहेत. गेल्या हिवाळ्यात गेलो, तेव्हा कडेला एक बाभूळ उरली होती. काट्यावर वाळलेला सरडा होता, वर तारेवर त्याचा मालक. मी जवळ गेलो तरी तो हलला नाही.