देहाविना मृत्यू : अबोटाबादनंतरचे लोकपडसाद

शत्रू मेला हे समाजाला पटण्यासाठी बहुधा त्याचा देह लागतो, आणि तो देह कोणाच्या हाती पडतो यावर पुढची बरीच भावना ठरते. एप्रिल १९४५ मध्ये मिलान शहरातील पिआत्साले लोरेतो या चौकात मुसोलिनीचे प्रेत उलटे टांगले गेले, तेव्हा जमलेल्या लोकांनी आपला राग त्या प्रेतावरच काढला. हे दृश्य जगभर पोहोचल्यानंतरच्या काळात मात्र राज्यसंस्थांनी उलट मार्ग धरलेला दिसतो. न्यूरेंबर्ग खटल्यातील फाशी झालेल्या नाझी पुढाऱ्यांची राख १९४६ साली इसार नदीच्या एका उपप्रवाहात सोडून देण्यात आली. १९६२ साली इस्रायलने आइकमनची राख आपल्या सागरी हद्दीपलीकडे नेऊन समुद्रात विखुरली. समाधीचे तीर्थस्थान होऊ नये, हा दोन्ही निर्णयांमागचा हेतू होता. अल-कायदाचा म्होरक्या ओसामा बिन लादेन याच्या देहाचे २ मे २०११ रोजी जे झाले ते याच परंपरेत बसते. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की न्यूरेंबर्ग व जेरुसलेम येथे आधी खटले चालले होते, साक्षी झाल्या होत्या, बळींच्या नातेवाइकांना बोलता आले होते. अबोटाबादच्या बाबतीत असे काहीच घडले नव्हते.

अबोटाबाद हे पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतातील लष्करी छावणीचे शहर असून जेम्स अ‍ॅबट या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावावरून त्याचे नाव पडले. काकूल येथील पाकिस्तानी लष्करी प्रबोधिनीपासून जवळच असलेल्या, उंच भिंतींच्या एका घरात अमेरिकी नौदलाच्या सील या विशेष पथकाने मध्यरात्रीनंतर सुमारे ४० मिनिटांची कारवाई करून बिन लादेनला ठार केले. प्रेत ‘कार्ल व्हिन्सन’ या विमानवाहू नौकेवर नेऊन, स्नान घालून, कफनात गुंडाळून आणि प्रार्थना म्हणून उत्तर अरबी समुद्रात सोडण्यात आले. कैरोच्या अल-अझहर या ज्ञानपीठाचे प्रमुख अहमद अल-तय्यब यांनी हा विधी इस्लामी संकेतांना सोडून असल्याचे जाहीरपणे सांगितले, कारण जमिनीवर दफन शक्य असताना समुद्रात दफन करणे परंपरेला मान्य नाही. दोनच दिवसांनी अध्यक्ष ओबामा यांनी मृतदेहाची छायाचित्रे प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. सद्दाम हुसेनच्या फाशीचे चोरून केलेले मोबाइल चित्रण डिसेंबर २००६ मध्ये पसरले आणि त्यातून त्याच्याविषयी सहानुभूती निर्माण झाली, हा अनुभव ताजा होता; ओबामांचा निर्णय त्यामुळे शहाणपणाचा मानावा लागतो. पण खटला नाही, कबर नाही, चित्रही नाही, अशा या मृत्यूवर प्रतिक्रिया देताना प्रत्येक समाजाने जे व्यक्त केले ते मुख्यतः स्वतःच्या जखमांविषयीचे होते.

अमेरिकेत रविवारची रात्र संपत आली असताना ओबामांनी दूरचित्रवाणीवरून घोषणा केली. त्याआधीच बातमी फुटली होती आणि व्हाइट हाउससमोर हजारोंचा जमाव जमू लागला होता. फिलाडेल्फियात बेसबॉलचा सामना चालू असताना प्रेक्षकांना हातातील फोनवर बातमी कळली आणि खेळाशी संबंध नसलेला देशाच्या नावाचा घोष मैदानभर उठला. व्हाइट हाउससमोरील गर्दीत जवळच्या विद्यापीठांतील विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अल-कायदाने अमेरिकेवर हल्ले केले तेव्हा ही मुले आठ-दहा वर्षांची होती. त्यांच्या बालपणीच्या सर्व भीतींना एकच चेहरा होता, आणि तो चेहरा नाहीसा झाल्याचे त्यांना समजले होते. त्यांच्या जल्लोषाला निव्वळ उथळपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही त्याच महिन्यातील एका सर्वेक्षणात दहांपैकी साधारण सहा अमेरिकी नागरिकांनी कितीही वाईट माणसाच्या मृत्यूचा आनंद साजरा करणे चूक असल्याचे मत नोंदवले, आणि दुसऱ्या बाजूला गॅलप या संस्थेच्या पाहणीत कारवाईला ९३ टक्के लोकांनी मान्यता दिली. कृत्याला संमती आणि उत्सवाला नकार, या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, हे या आकड्यांतून दिसते.

जमावापासून दूर, बळींच्या कुटुंबांत मात्र प्रतिक्रियेचा पोत वेगळा होता. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रात मेलेल्या २,७५३ जणांपैकी सुमारे ४० टक्के माणसांचे कोणतेच अवशेष २०११ पर्यंत ओळखता आलेले नव्हते. शहराच्या वैद्यकीय तपासणी कार्यालयात हाडांच्या सूक्ष्म तुकड्यांवर जनुकीय चाचण्या चालूच होत्या. म्हणजे हजाराहून अधिक घरे अशी होती की ज्यांना दहा वर्षांत मूठभर मातीही वाहता आली नव्हती, आणि त्यांना आता सांगितले जात होते की मारेकऱ्याचा देह धुऊन, कफन घालून, प्रार्थनेसह समुद्राला अर्पण केला गेला. या विषमतेची वेदना समजून घेतल्याशिवाय त्या आठवड्यातील कोणत्याही प्रतिक्रियेचे मोल करता येत नाही. ५ मे रोजी ओबामा हल्ल्याच्या जागी गेले, पुष्पचक्र वाहिले आणि तेथे भाषण केले नाही. त्या जागेवर तेच योग्य होते.

मृत्यूचा आनंद मानावा की नाही, हा वाद युरोपातही पोहोचला. व्हॅटिकनचे प्रवक्ते फेदेरिको लोम्बार्दी यांनी ख्रिस्ती माणूस कोणाच्याही मृत्यूने हर्षभरित होत नाही, अशा अर्थाचे निवेदन काढले. जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी बिन लादेनला ठार मारता आल्याचा आपल्याला आनंद वाटतो असे म्हणताच स्वतःच्या पक्षातूनही त्यांच्यावर टीका झाली; ज्या देशाने राज्यसंस्थेच्या हातून झालेल्या हत्यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या केला, तेथे शासनप्रमुखाने मारण्याविषयी आनंद हा शब्द वापरणे अनेकांना सहन झाले नाही. अमेरिकेतील आदिवासींनी निराळाच प्रश्न उभा केला. मोहिमेत बिन लादेनसाठी ‘जेरोनिमो’ हा सांकेतिक शब्द वापरला गेला होता, आणि जेरोनिमो हा अपाचे जमातीचा १९व्या शतकातील लढवय्या नेता होता; त्याचे नाव अशा शत्रूला देणे त्यांना अपमानाचे वाटले.

पाकिस्तानातील पडसाद सर्वांत गुंतागुंतीचे ठरले. लाहोर आणि कराचीत जमात-उद-दावा या संघटनेने ‘गायबाना नमाज-ए-जनाजा’ पढला. मृतदेह समोर नसताना पढल्या जाणाऱ्या अंत्यप्रार्थनेला हे नाव आहे. या प्रार्थनांना जमलेली गर्दी शेकडो ते काही हजारांची होती, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या मानाने अल्पच. बहुसंख्यांच्या मनात शोकापेक्षा अपमानाची भावना होती. परकी हेलिकॉप्टरे लष्करी छावणीपर्यंत येऊन परत गेली, आणि हा माणूस तेथे वर्षानुवर्षे राहत असल्याचे यंत्रणांना ठाऊक होते की नव्हते, या दोन्ही शक्यता सारख्याच लाजिरवाण्या होत्या. १४ मे रोजी संसदेच्या संयुक्त अधिवेशनाने अमेरिकेच्या एकतर्फी कारवाईचा निषेध करणारा ठराव केला. त्याच्या आदल्याच दिवशी शबकदर येथे निमलष्करी दलाचे प्रशिक्षण संपवून सुटीवर घरी निघालेल्या तरुणांवर आत्मघाती हल्ला होऊन ८० हून अधिक माणसे मेली, आणि पाकिस्तानी तालिबानने हा बिन लादेनच्या मृत्यूचा सूड असल्याचे सांगितले. सूड घेतला गेला तो गरीब पश्तुन घरांतील मुलांवर. पुढे, बिन लादेनच्या कुटुंबाचा जनुकीय नमुना मिळवण्यासाठी खोटी लसीकरण मोहीम राबवली गेल्याचे उघड झाले, लसीविषयीचा जुना संशय बळावला, आणि डिसेंबर २०१२ पासून पोलिओचे डोस पाजणाऱ्या कार्यकर्त्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हत्या होऊ लागल्या. एका माणसाच्या मृत्यूची ही किंमत जगाने फारशी मोजली नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

मुंबईला या घटनेशी जोडणारा धागा त्या लाहोरच्या प्रार्थनेतूनच जातो. जमात-उद-दावाचा प्रमुख हाफिज सईद हाच २६ नोव्हेंबर २००८ च्या, १६६ जणांचा बळी घेणाऱ्या हल्ल्याचा सूत्रधार असल्याचा भारताचा आरोप आहे. त्यामुळे तत्कालीन गृहमंत्री चिदंबरम यांनी अबोटाबादनंतर लगेच पाकिस्तानातील आश्रयस्थानांचा उल्लेख केला, त्यात मुंबईकरांच्या मनातलीच गोष्ट होती. पुढच्या वर्षी २१ नोव्हेंबरला त्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या अजमल कसाबला पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी झाली, तेव्हा अनेक ठिकाणी फटाके वाजले, पेढे वाटले गेले. त्याचेही दफन कारागृहाच्या आवारातच, लोकांच्या नजरेआड झाले. कसाब संघटनेचा नेता नव्हता, केवळ हातातले हत्यार होता. तरी त्याच्यामागे न्यायालयीन कामकाजाची हजारो पाने होती, आणि त्यांत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळी लागलेल्या मुलीपासून अनेकांची साक्ष होती. अबोटाबादने जगाला हे दिले नाही.

अल-कायदाने नैरोबीत अमेरिकी दूतावासावर ७ ऑगस्ट १९९८ रोजी घडवलेल्या स्फोटात २१३ माणसे मेली होती, त्यांतील बहुतेक केनियाचे सामान्य नागरिक. आधीच्या छोट्या आवाजाने खिडकीशी आलेल्या कित्येकांचे डोळे काचांनी गेले. अध्यक्ष म्वाई किबाकी यांनी बिन लादेनच्या मृत्यूला मृत केनियन नागरिकांना मिळालेला न्याय म्हटले, पण नुकसानभरपाई न मिळालेल्या जखमींना तो न्याय अपुरा वाटत राहिला. जॉर्डनमध्ये तर हा माणूस मरण्यापूर्वीच लोकांच्या मनातून उतरला होता. प्यू संशोधन संस्थेच्या पाहणीत त्याच्यावर विश्वास असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण तेथे २००३ मध्ये ५६ टक्के होते, ते २०११ च्या वसंतात १३ टक्क्यांवर आले. मधल्या काळात, नोव्हेंबर २००५ मध्ये, अल-कायदाने अम्मानच्या हॉटेलांत स्फोट घडवले होते आणि त्यांत एका लग्नाचे वऱ्हाडही सापडले होते.

२०१९ साली इस्लामिक स्टेटचा प्रमुख अबू बक्र अल-बगदादी याचा आणि २०२२ साली काबूलमध्ये बिन लादेनचा वारसदार अयमान अल-जवाहिरी याचा मृत्यू झाला, तेव्हा अमेरिकेच्या रस्त्यांवर तसे जमाव आले नाहीत. अबोटाबादचे ते घर पाकिस्तान सरकारने फेब्रुवारी २०१२ मध्ये पाडून टाकले. त्या मोकळ्या जागेत नंतर आसपासची मुले क्रिकेट खेळू लागली.