बोटी घरी येतात तेव्हा

जानेवारीच्या मध्यावर, उणे वीस तापमानात, पहाटे चारला उठून अडीच तास गाडी हाकत बोट बघायला जाणाऱ्या माणसाशी आपलं लग्न झालंय, हे बायकोला इतक्या वर्षांनंतरही पटलेलं नाही. "गेल्या वर्षी बघितलीस ना? तीच बोट असेल," असं ती दरवर्षी म्हणते. खरंय, बऱ्याचदा तीच असते. पण मी जातोच.

आम्ही मिनिआपोलिसच्या एका उपनगरात राहतो. इथून उत्तरेला साधारण दीडशे मैलांवर डुलुथ नावाचं गाव आहे, लेक सुपिरियरच्या पार पश्चिम टोकाला. सरोवर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंकाळा नाहीतर फार तर नैनीताल येतं. हे प्रकरण वेगळं आहे. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वादळं होतात, बोटी बुडतात. खारा वास तेवढा नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सवयीने नाकाने तो शोधत होतो.

अटलांटिकपासून दोन हजारांहून जास्त मैल आत असलेल्या ह्या गावात हजार फुटी मालवाहू बोटी येतात. हजार फूट म्हणजे तीनशे मीटरच्या वर. आयफेल टॉवर आडवा केला तर जवळपास तेवढा. अशा एकूण तेराच बोटी १९७२ ते १९८१ ह्या काळात बांधल्या गेल्या. त्यातली सगळ्यात मोठी 'पॉल आर. ट्रेगर्था', १०१३ फुटांची. ह्या बोटी पंचमहासरोवरांच्या बाहेर कधीच जात नाहीत, कारण खालच्या कालव्यांच्या कुलपांमध्ये त्या मावतच नाहीत. जन्म गोड्या पाण्यात आणि शेवटही तिथेच. गोड्या पाण्यात लोखंड सावकाश गंजतं म्हणून त्यांना आयुष्यही मोठं. १९०६ साली बांधलेली 'सेंट मेरीज चॅलेंजर' २०१३ पर्यंत स्वतःच्या इंजिनावर चालत होती, आणि त्यानंतरही तिला मोडीत न काढता तिचा बार्ज केला! आपल्याकडे खाऱ्या पाण्यातली बोट पंचवीस-तीस वर्षांत भंगाराच्या किनाऱ्याला लागते.

तर ह्या बोटी जानेवारीत दोन-अडीच महिन्यांसाठी बंद होतात. त्याला इकडे 'विंटर ले-अप' म्हणतात. लेक सुपिरियर सबंध असं क्वचितच गोठतं, पण बंदरं गोठतात आणि सुपिरियरमधून खालच्या सरोवरांत नेणारी सेंट मेरीज नदी गोठते. त्या नदीवर सू नावाच्या गावी जलकुलपं आहेत. ती १५ जानेवारीला बंद होतात आणि २५ मार्चला उघडतात. मधल्या काळात कुलपांमधलं पाणी उपसून आत उतरून दुरुस्ती करतात. कुलपं बंद म्हणजे धंदा बंद. म्हणून १५ तारखेच्या आगेमागे बोटी ठरलेल्या बंदरात येऊन हिवाळ्यापुरत्या विसावतात. मग इंजिनं उघडायची, झिजलेले पत्रे बदलायचे, रंग काढायचा. आधी पाइपांमधलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर ते गोठून पाइप फुटतात. एखादा राखणदार मागे ठेवून बाकीचे खलाशी घरी.

हे वाचताना कोकणातल्या मंडळींना काहीतरी ओळखीचं वाटलं असेल. आमच्या गावी जूनच्या आधी होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवायचे. मुंबईहून येणारी आगबोट पावसाळ्यात बंद असायची. आजी सांगायची, बंदर बंद झालं की मुंबई एकदम लांब जायची. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि होड्या पुन्हा पाण्यात. आपल्याकडे पाऊस बंदर बंद करतो, इकडे बर्फ. इकडची नारळी पौर्णिमा २५ मार्चला, बिननारळाची. वसंतात पहिली परदेशी बोट डुलुथला कधी येणार ह्याचा अंदाज बांधायची स्पर्धासुद्धा असते!

सूच्या कुलपांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. सुपिरियरची पातळी खालच्या सरोवरांपेक्षा एकवीसेक फूट उंच, आणि मधे खळाळता उतार. १८५५ साली पहिलं कुलूप होईपर्यंत माल उतरवून जमिनीवरून पलीकडे न्यावा लागे. काही बोटी तर लोकांनी ओंडक्यांवरून ढकलत गावातून नेल्या. मग मिनेसोटात लोखंडाचे डोंगर सापडले. १८८४ साली टू हार्बर्स बंदरातून मिनेसोटाचं पहिलं खनिज निघालं आणि पुढची साठ-सत्तर वर्षं अमेरिकेचं पोलाद ह्या एका पाणवाटेवर अवलंबून राहिलं. दुसऱ्या महायुद्धात तर एवढी घाई की १९४३ साली नवं कुलूप बांधलं आणि हिवाळ्यात वाट जास्त दिवस उघडी राहावी म्हणून १९४४ साली 'मॅकिनॉ' हे बर्फ फोडणारं जहाज पाण्यात आणलं. १९७० च्या दशकात बाराही महिने वाहतूक चालू ठेवायचे प्रयोग झाले. जमलं, पण परवडलं नाही. शेवटी हिवाळ्याची सुट्टी कायम राहिली. मला ते बरं वाटतं. माणसाने कधीतरी हवामानाचं ऐकावं.

आता मूळ मुद्दा. डुलुथला बोट बंदरात शिरते ती एका अरुंद कालव्यातून. कालवा तीनशे फूट रुंद आणि हजार फुटी बोटीची रुंदी एकशे पाच फूट. वरती १९०५ सालचा लोखंडी पूल. आधी त्याला लटकणारा पाळणा होता, माणसं-गाड्या त्यातून पलीकडे जात. १९२९-३० मध्ये त्याचा उचलता पूल केला. बोट आली की मधला रस्ता आख्खा वर जातो. तुम्ही धक्क्यावर उभे असता आणि पाच-सहा मजली भिंत, हात लांब केला तर लागेल असं वाटण्याइतकी जवळून, आवाज न करता सरकत जाते. मग भोंगा. तीन लांब, दोन आखूड. हा कप्तानाचा नमस्कार. पूलवालाही तसंच उत्तर देतो. पोटात धरणी हलल्यासारखं होतं.

माझ्यासारखे वेडे तिथे पुष्कळ आहेत. थंडीत फोनची बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते म्हणून सगळे फोन बनियनच्या आत ठेवतात आणि बोट दिसली की बाहेर काढतात. पाण्यावरून वाफ उठत असते आणि त्या वाफेतून आधी दिवे येतात, मग बोट. नाकाखाली बर्फ धरलेले पन्नासेक लोक फोन वर करून उभे. मला पूर्वी वाटायचं, हे आजकालचं फॅड आहे. मग ह्या गावाचा इतिहास वाचला.

२८ नोव्हेंबर १९०५. पूल नवाकोरा होता. खनिज घेऊन निघालेली 'मटाफा' नावाची आगबोट वादळात सापडून परत फिरली. मागे ओढत आणलेला बार्ज तिने सोडून दिला आणि ह्याच कालव्यात शिरायचा प्रयत्न केला. लाटेने तिला धक्क्यावर आपटलं, फिरवलं, आणि किनाऱ्यापासून काही शे फुटांवर ती रुतून मोडली. बचावपथक दुसऱ्या एका बोटीच्या लोकांना वाचवण्यात गुंतलेलं. ते आलं तेव्हा दोर टाकले, पण उपयोग झाला नाही. रात्र झाली. गावातले हजारो लोक किनाऱ्यावर जमले आणि त्यांनी शेकोट्या पेटवल्या. बोटीवरच्यांना मदत होईल म्हणून नाही, ती करणं शक्यच नव्हतं. आम्ही इथे आहोत, एवढं त्यांना दिसावं म्हणून. सकाळी होडी पोचली तेव्हा पुढच्या भागातले पंधराजण जिवंत होते. मागच्या भागातले नऊ गेले. गावाच्या डोळ्यांदेखत, थंडीने.

त्या वादळाने एवढ्या बोटी गिळल्या की पुढे १९१० साली किनाऱ्यावर स्प्लिट रॉकचं दीपगृह उभं राहिलं. आता ते जहाजांसाठी लागत नाही, पण दर १० नोव्हेंबरला लावतात. १९७५ साली त्या तारखेला 'एडमंड फिट्झगेराल्ड' ही ७२९ फुटांची बोट एकोणतीस माणसांसकट बुडाली. आदल्या दिवशी ती डुलुथच्या शेजारच्या सुपिरियर बंदरातूनच निघाली होती. त्या संध्याकाळी एकोणतीस नावं वाचतात, घंटा वाजते, आणि मग दिवा लागतो.

हे वाचल्यावर धक्क्यावरच्या गर्दीकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागलो. शेकोटीच्या जागी फोन आले, एवढंच. बोट आत येईपर्यंत कोणीतरी काठावर उभं राहायचं ही ह्या गावाची जुनी सवय आहे.

आणि मी कशासाठी उभा राहतो? व्हिडिओ काढतो तो बाबांसाठी. माझे वडील बोटीवर होते. कोकणात एवढं सांगितलं की पुरतं, कुठली बोट हे कोणी विचारत नाही. इंजिन रूममध्ये फिटर. १९६४ साली पहिल्यांदा गेले ते तीसेक वर्षं जात राहिले. आठ महिने, दहा महिने, एकदा तर सबंध सतरा महिने. मी चौथीत असताना ते आले आणि मी त्यांना "काका" म्हटलं. हा किस्सा घरात विनोद म्हणून सांगतात. त्यांना तो विनोद वाटत असेल का, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या जानेवारीत मनासारखा व्हिडिओ मिळाला. वाफेतून येणारी हजार फुटी बोट, अंगावर बर्फाचा थर, पूल वर, भोंगा, उत्तर, सगळं नीट. बाबांना पाठवला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, गावीच असतात, कानाला यंत्र आहे. मी फोन केला.

"बघितलात का?"

"बघितला. छान आहे. बोटीचा काढलायस."

"म्हणजे?"

"अरे, बोटीचा काढलायस. माणसं कुठे आहेत?"

मी म्हटलं, माणसं आत असतात, दिसत नाहीत. त्यावर ते हसले. म्हणाले, "आम्ही पण आतच असायचो. वरून बंदर कसं दिसतं, कोण हात हलवतंय, आम्हाला काय माहीत? खाली टेलिग्राफची घंटा वाजायची. काटा 'फिनिश्ड विथ इंजिन्स'वर आला की इंजिन बंद. मग जी शांतता होते ना, त्यात कान दुखतात. तेव्हा कळायचं, आलो." थोडं थांबून म्हणाले, "पुढे मुंबईत उतरायचं, ऑफिसात सही, आणि रात्रीची एसटी. तुझी आई झोपलेली असायची. तिला तरी कुठे माहीत असायचं, आज येणार म्हणून."

मला काही बोलता येईना. तीस वर्षांत बाबांच्या एकाही येण्याला आमच्यापैकी कोणी काठावर उभं नव्हतं. शक्यच नव्हतं, मान्य. तारीख पक्की नसायची, पत्र मागाहून यायचं. पण मी मात्र दरवर्षी परक्या माणसांच्या येण्याला दीडशे मैल जाऊन उभा राहतो.

त्या दिवशी मी लगेच परत फिरलो नाही. दुपारी बंदराच्या मागच्या रस्त्याने बोट बांधली होती तिथवर, म्हणजे कुंपणाबाहेरून दिसेल इतपत, गेलो. जाडजूड वायरींनी तिला धक्क्याला जखडत होते. थोड्या वेळाने शिडीवरून एकेक माणूस पाठीवर गोणीसारखी बॅग टाकून उतरू लागला. सावकाश, बर्फावरून पाय जपत. कुंपणाबाहेर एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. तिच्यातून एक बाई आणि एक लहान मुलगा बाहेर आले. मुलगा काही धावत वगैरे गेला नाही. आईच्या मागे उभा राहून बघत राहिला. बाप गुडघ्यावर बसला, हातमोजा काढला आणि थांबला. तो मुलगा त्याच्याकडे जाईपर्यंत बराच वेळ गेला.

मी लांबून चाळीस सेकंदांचा तुकडा घेतला. चेहरे कोणाचेच दिसत नाहीत, शिडी आणि बॅगा घेतलेली माणसं तेवढी. बाबांना पाठवला. आई सांगते, तो पहिला मोठा व्हिडिओ त्यांनी एकदाच बघितला. हा दुसरा रोज बघतात. त्यात शिडीवरून उतरणारा शेवटचा माणूस मधेच थांबून मागे बोटीकडे बघतो. "हा इंजिनवाला," असं बाबा प्रत्येक वेळी म्हणतात.

येत्या जानेवारीत पुन्हा जाईनच. बायकोला विचारलं, ती नाहीच म्हणाली. मुलगा मात्र येतो म्हणतोय. आजोबांनी त्याला फोनवर बजावून सांगितलंय, भोंगा झाला की निघून येऊ नका, सगळे उतरेपर्यंत थांबा.