माधव मेनन : सरकारला सल्ला देणारे कायद्याचे मास्तर

सीमाभागात एकाच सकाळी दोन-दोन राज्य सरकारांच्या पानभर जाहिराती पेपरात येतात. त्या जाहिरातीत फोटो कुणाचा असावा, मजकूर काय असावा, याचे नियम देशात २०१५ साली आले. ज्या समितीच्या अहवालावर ते बेतले, तिच्यात होते कायद्याचे प्राध्यापक डॉ. एन. आर. माधव मेनन. २००३ ते २००६ या काळात ते भोपाळच्या राष्ट्रीय न्यायिक अकादमीचे संचालक होते. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाचा सल्ला सरकारदरबारी किती चालतो आणि कुठे अडतो, हे त्यांच्या कारकिर्दीवरून नीट कळतं.

शिक्षक ते कुलगुरू

मेनन यांचा जन्म १९३५ मध्ये तिरुवनंतपुरमचा. सुरुवातीला केरळात वकिली, मग अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून डॉक्टरेट आणि पुढे दिल्ली विद्यापीठात अध्यापन. १९८६ पासून त्यांनी बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची उभारणी केली. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम तिथे १९८८ मध्ये सुरू झाला. तो नमुना देशभर गेला. भोपाळचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, नंतर आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि औरंगाबादला झालेली विद्यापीठं त्याच वाटेवरची. १९९८ मध्ये ते कोलकात्याला गेले आणि तिथलंही विधी विद्यापीठ त्यांनी उभं केलं.

पुस्तकी कायदा पुरेसा नाही, विद्यार्थ्याने गरीब पक्षकाराचं काम हाताळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. वकिलाची नीतिमत्ता भाषणातून येत नाही, कामातून येते, असा त्यामागचा विचार. या पद्धतीवरचं त्यांनी संपादित केलेलं हँडबुक १९९८ मध्ये निघालं.

भोपाळमधलं काम

राष्ट्रीय न्यायिक अकादमीची नोंदणी १९९३ ची. भोपाळमधल्या तिच्या वास्तूचं उद्घाटन ५ सप्टेंबर २००२ रोजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झालं. देशाचे सरन्यायाधीश हे अकादमीचे अध्यक्ष असतात. देशभरातले न्यायाधीश इथे प्रशिक्षणाला येतात. वर्षानुवर्षं निकाल देणाऱ्यांना पुन्हा वर्गात बसवायचं, हे काम सोपं नव्हतं. संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत ते मेनन यांच्याकडे आलं.

समित्या : काय दिलं, काय घेतलं

२००० मध्ये नेमलेल्या न्या. मळीमठ समितीचे ते सदस्य होते. फौजदारी न्यायव्यवस्था सुधारण्यासाठी नेमलेल्या या समितीने २००३ मध्ये अहवाल दिला. आरोप सिद्ध करण्याची पातळी थोडी खाली आणावी, या शिफारशीवर मानवी हक्क संघटनांनी कडाडून टीका केली.

त्यानंतर राष्ट्रीय फौजदारी न्याय धोरणाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. या समितीने २००७ च्या अहवालात गुन्ह्यांचे चार वेगळे गट करून चार संहिता करायला सुचवलं. किरकोळ चुकीला आणि खुनाला एकाच पुस्तकात मोजू नये, हा मुद्दा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता मात्र एकच आहे.

सच्चर समितीनंतर समान संधी आयोग कसा असावा, हे ठरवणाऱ्या तज्ज्ञ गटाचंही अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. अहवाल २००८ मध्ये आला. केंद्रात तसा आयोग काही उभा राहिला नाही.

जाहिरातींचा निकाल

'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये मेनन, टी. के. विश्वनाथन आणि रणजित कुमार यांची समिती नेमली. तिचं म्हणणं सरळ होतं : जाहिरात सरकारच्या कामाशी निगडित असावी, वस्तुनिष्ठ असावी, राजकीय फायद्यासाठी नसावी, खर्च परवडणारा आणि समर्थनीय असावा, कायद्याला धरून असावी.

१३ मे २०१५ च्या निकालात न्यायालयाने बहुतेक भाग स्वीकारला. फोटोच्या बाबतीत न्यायालय समितीपेक्षाही कडक झालं. समितीने राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना मुभा ठेवली होती. न्यायालयाने फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांना ठेवली. दुसरीकडे खर्चाचं खास ऑडिट आणि निवडणुकीच्या तोंडावर जाहिरातबंदी या शिफारशी मान्य झाल्या नाहीत. लोकपालाऐवजी त्रिसदस्यीय समिती आली. पुढे केंद्र आणि काही राज्यांनी फेरविचाराची मागणी केली आणि १८ मार्च २०१६ रोजी राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्री यांचेही फोटो चालतील असं ठरलं. म्हणजे हिशेब तपासणारी कलमं गेली आणि चेहऱ्यांची यादी वाढली. नियमांचा गाभा मात्र कायम राहिला.

वाचकांच्या उपयोगाचं : जाहिरातींवर लक्ष ठेवणारी केंद्रीय समिती २०१६ मध्ये नेमली गेली. आपल्या जाहिराती तिच्या देखरेखीखाली आणायला कर्नाटक आणि गोव्याने संमती दिली.

नंतर

२००३ मध्ये पद्मश्री मिळालेल्या मेनन यांचं ८ मे २०१९ रोजी निधन झालं. २०२० मध्ये मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झालं. त्यांचे काही अहवाल कपाटात राहिले, काही अर्धेच लागू झाले. सल्लागाराच्या हातात सही नसते. पण त्यांनी उभ्या केलेल्या वर्गांतून निघालेले वकील आज देशभरच्या कोर्टांत उभे राहतात, आणि ते कुणाच्या फेरविचार याचिकेने मागे घेता येत नाही.