काचबिंदूतील दृष्टिनाश
काचबिंदू या नेत्रविकारात दृष्टितंत्रिकेचे तंतू क्रमाक्रमाने नष्ट होतात व दृष्टिक्षेत्र आक्रसत जाते. नेत्रगोलातील वाढलेला दाब हे त्याचे प्रमुख कारण असले, तरी दाब प्राकृत असतानाही विकार होऊ शकतो. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूमुळे गेलेली मिळत नाही. हा भेद कळण्यास वैद्यकाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. नेहमीच्या प्रकारात वेदना नसतात, समोरचे अक्षर दीर्घकाळ स्पष्ट दिसते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळे तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाची बरीचशी दृष्टी आधीच गेलेली असे.

हिपॉक्राटीझ यांच्या नावावरील सूत्रसंग्रहात वृद्धांच्या व्याधींमध्ये ‘ग्लॉकोसिस’ हा शब्द येतो. निळसर-हिरवट किंवा करड्या छटेच्या बाहुलीवरून पडलेल्या या नावाखाली मोतीबिंदूही मोडत असावा. सुश्रुतसंहितेतील ‘अधिमंथ’ विकारात डोळा घुसळल्यासारखा वाटतो व अर्धे मस्तक ठणकते. दोषानुसार पाच ते सात रात्रींत, तर पित्तज प्रकारात तत्काळ दृष्टी जाते, असे म्हटले आहे. हे वर्णन तीव्र काचबिंदूशी जुळते. त्याच ग्रंथातील ‘काच’ ही मात्र तिमिर रोगाची एक अवस्था असून मराठी नावाशी असलेल्या साम्यामुळे फसू नये. वेदनारहित प्रकार दोन्ही परंपरांच्या नजरेतून निसटला.

मोतीबिंदू म्हणजे अपारदर्शक झालेले भिंगच होय, हे ब्रिसो यांनी १७०५ मध्ये शवविच्छेदनाने दाखविले. तत्पूर्वी, १६२२ मध्ये, रिचर्ड बॅनिस्टर या इंग्रज नेत्रवैद्याने बोटाला कठीण लागणारा डोळा असाध्य असल्याचे नोंदले होते. ग्लासगोच्या विल्यम मॅकेंझी (१७९१–१८६८) यांच्या १८३० च्या ग्रंथात या काठिण्याला योग्य महत्त्व मिळाले.

हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये नेत्रांतर्भाग पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केल्यावर दृष्टितंत्रिकेचे मुख जिवंत डोळ्यात पाहता येऊ लागले. पहिला निष्कर्ष मात्र नेमका उलटा निघाला. येगर आणि आल्ब्रेख्त फोन ग्रेफे (१८२८–७०) यांना ते मुख फुगलेले वाटले. एकाच डोळ्याने पाहताना खोलीचा अंदाज चुकतो व खळगा उंचवट्यासारखा भासतो, हे लवकरच ध्यानात आले. ग्रेफे यांनी आपली चूक मान्य केली आणि हाइन्रिख म्यूलर यांच्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासाने खळग्याला पुष्टी मिळाली. ग्रेफे यांनीच १८५६ च्या सुमारास दृष्टिक्षेत्राचे मापन रुग्णतपासणीत रुजविले आणि बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तीव्र प्रकारात ती गुणकारी ठरली; वेदनारहित प्रकारात तिचा उपयोग बेताचाच झाला.

कोपनहेगनचे यानिक ब्येरुम (१८५१–१९२०) यांचे काम साधनांच्या दृष्टीने साधे, परंतु प्रस्तुत विषयात सर्वांत मोलाचे होय. आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराचा त्यांनी पडद्यासारखा उपयोग केला. त्यावर लहान पांढरी खूण फिरविताना ती रुग्णाला कोठे दिसेनाशी होते, हे ते पाहत. अंधबिंदूपासून निघून मध्यबिंदूला वळसा घालणारा कमानीसारखा दृष्टिहीन पट्टा त्यांना आढळला (१८८९). जालपटलावरील तंत्रिकातंतू अशाच कमानीत मांडलेले असतात. म्हणून हा पट्टा म्हणजे तंत्रिकेच्या हानीचा जणू नकाशाच होता. रुग्णाला स्वतःला न जाणवणारी दृष्टिहानी आता कागदावर उतरविता येऊ लागली.

दाब मोजण्याचे श्यट्स यांचे उपकरण १९०५ मधील आहे. मद्रासच्या शासकीय नेत्ररुग्णालयाचे रॉबर्ट हेन्री एलियट (१८६४–१९३६) यांनी नेत्रगोलाला सूक्ष्म छिद्र पाडून नेत्रजलाला वाट करून देणारी पद्धत १९०९ मध्ये प्रसिद्ध केली. ती अनेक देशांत स्वीकारली गेली. थेंबांची औषधे व केर्न्झ यांची १९६८ मधील शस्त्रक्रिया हे पुढचे टप्पे होत. या सर्व उपायांनी उरलेली दृष्टी राखता येते, एवढेच.

निदानातील विलंब मात्र संपलेला नाही. तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत काचबिंदू आढळलेल्यांपैकी नऊ-दशांशाहून अधिक व्यक्तींचे निदान त्यापूर्वी झालेलेच नव्हते. ही दृष्टिहानी काळ्या बोगद्यातून पाहिल्यासारखी असते, असे चित्र पुस्तकांतून नेहमी छापले जाते. लंडनमधील ५० रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात एकानेही ते चित्र आपले म्हणून निवडले नाही. अनेकांना काही भाग केवळ अंधुक किंवा गायब झाल्यासारखा वाटत होता, तर सुमारे चतुर्थांश रुग्णांना आपल्या दृष्टीत काही उणे आहे याची जाणीवच नव्हती.