बक्षिसाचे टोकन : मिळते कसे, मोल कशाचे?

कुपवाड (प्रतिनिधी) : शीतगृहात बेदाणा ठेवला की शेतकऱ्याच्या हाती पावती पडते. त्या कागदाला किंमत असते, कारण त्यामागे शीतगृहात ठेवलेला माल असतो. ‘आमच्या समूहाचे सदस्य व्हा आणि टोकन मोफत मिळवा’ असा निरोप मोबाइलवर येतो, तेव्हाही हाच हिशेब करायला हवा. या टोकनामागे काय आहे, ते कोणी काढले आणि एकूण किती काढले?

वाटप कसे होते?

आभासी चलन काढणारे आपल्या सदस्यांना विनामूल्य किंवा छोट्या कामाच्या मोबदल्यात टोकन देतात. या पद्धतीस ‘एअरड्रॉप’ म्हणतात. ठरावीक दिवशी पात्र सदस्यांच्या डिजिटल पाकिटांचे पत्ते नोंदवून यादी तयार होते. त्यानंतर टोकन थेट पाकिटात जमा केले जाते किंवा सदस्याने ते स्वतः मागून घ्यायचे असते. त्यासाठी अनेकदा व्यवहार शुल्क भरावे लागते. एकच माणूस अनेक पाकिटे उघडून पुन्हा पुन्हा वाटा घेऊ शकतो, ही या पद्धतीतील जुनी अडचण आहे.

दोन अनुभव

आइसलँडमध्ये मार्च २०१४ मध्ये ‘ऑरोराकॉइन’ नावाचे चलन देशातील प्रत्येक रहिवाशाला ३१.८ नाणी याप्रमाणे देऊ करण्यात आले. फुकट मिळालेली नाणी अनेकांनी लगेच विकायला काढली. घेणारे मात्र थोडे होते. अल्पावधीतच भाव कोसळला.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘युनिस्वॅप’ या विनिमय व्यवस्थेने आधीपासून तिचा वापर करणाऱ्या प्रत्येक पाकिटाला किमान ४०० टोकन दिले. ती व्यवस्था तेव्हा प्रत्यक्ष वापरात होती आणि टोकनधारकांना तिच्या निर्णयांत मताचा अधिकार मिळाला. त्यामुळे या टोकनाला खरेदीदार लाभले, मात्र त्याचा भावही पुढे मोठ्या प्रमाणात वरखाली होत राहिला.

महाराष्ट्राने काय पाहिले?

‘गेनबिटकॉइन’ प्रकरणी पुण्यात गुन्हे दाखल झाले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य सूत्रधार असल्याचा आरोप असलेल्या व्यक्तीस अटक केली. गुंतवलेल्या बिटकॉइनवर १८ महिने दरमहा १० टक्के परतावा, असे या योजनेचे आश्वासन होते. जुन्यांना पैसे देण्यासाठी नवे सदस्य आणायचे, अशी तिची रचना होती. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या (सीबीआय) म्हणण्यानुसार, २०१७ पर्यंत नव्या पैशाचा ओघ आटला. तेव्हा चालकांनी बिटकॉइनऐवजी स्वतःच काढलेले ‘एमकॅप’ हे टोकन सदस्यांच्या माथी मारले. त्याचे मोल बिटकॉइनच्या तुलनेत अगदीच कमी होते. पुढे देशभरातील गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये या विभागाने ६० हून अधिक ठिकाणी झडती घेतली.

मुंबईत सुरू झालेल्या ‘वझीरएक्स’ या विनिमय केंद्राचे स्वतःचे टोकन २०२० पासून बाजारात आले. १८ जुलै २०२४ रोजी या केंद्राच्या पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलरची आभासी मालमत्ता चोरीस गेली आणि ग्राहकांना रक्कम काढणे बंद झाले. सिंगापूरच्या न्यायालयाने योजना मंजूर केल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाले. उरलेल्या देण्यापोटी ग्राहकांना ‘रिकव्हरी टोकन’ देण्याची तरतूद त्या योजनेत आहे. म्हणजे एकीकडे टोकन बक्षीस असते, तर दुसरीकडे तेच न फेडलेल्या देण्याची चिठ्ठी ठरते.

कायदा आणि कर

आभासी चलनाला भारतात कायदेशीर चलनाचा दर्जा नाही, मात्र त्याच्या खरेदी-विक्रीवर बंदीही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांवर घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. मार्च २०२३ पासून विनिमय केंद्रांना आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२२ पासून विक्रीवरील नफ्यावर ३० टक्के कर आहे. तोटा अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही. फुकट मिळालेले टोकनही करमुक्त आहे, असे गृहीत धरू नये. भेटींचे मोल वर्षात ५० हजार रुपयांवर गेल्यास मिळाल्या दिवशीच्या किमतीवर कर लागू शकतो. पुढे भाव उतरला तरी ते देणे सुटत नाही.

हे तपासावे

टोकन एकूण किती काढले, संस्थापकांनी स्वतःकडे किती ठेवले आणि ते विकण्यास त्यांना किती काळ मनाई आहे, हे आधी पाहावे. संस्थापकांचा वाटा मोठा आणि मनाईची मुदत अल्प असल्यास, भाव वाढताच तेच प्रथम विकून मोकळे होतील. सदस्य आणून देण्यावर बक्षीस ठरत असेल, तर टोकनामागचा माल म्हणजे पुढचा सदस्यच, हे ओळखावे.

पाकिटाचे १२ किंवा २४ गुप्त शब्द कोणालाही सांगू नयेत. बक्षीस देण्यासाठी त्यांची गरज नसते, पाकीट रिकामे करण्यासाठी मात्र तेवढे पुरतात. टोकन मागताना आपण कोणत्या व्यवहारास संमती देत आहोत, तेही वाचावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. रक्कम बँकेतून पुढे सरकण्याआधी तक्रार पोचली, तर ती रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

शीतगृहाच्या पावतीवर माल किती, कोणाचा आणि कोठे ठेवला, हे लिहिलेले असते. ज्या टोकनाविषयी यातले काहीच सांगता येत नाही, ते फुकट मिळाले तरी त्यापायी खिशातला पैसा घालू नये.